पाक पाणी

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकायला निघाले, तेव्हा मोहल्ल्यात कुजबुज झाली, ‘माती शिकायला मुलीला इतक्या लांब पाठवतात?’ अब्बा हसून म्हणाले, ‘जिस मट्टी में जाना है, उसकू पढ लेगी तो क्या बुरा है?’

पुढं तीस वर्षं माती आणि पाणी तपासण्यात गेली. खारवट झालेल्या उसाच्या जमिनी पाहिल्या, आटलेल्या बोअर पाहिल्या. अहवाल इंग्रजीत लिहिले, ते फायलींत गेले. माझी खरी परीक्षा झाली ती मात्र आमच्याच मोहल्ल्यात.

१९९८ च्या उन्हाळ्यात मी माहेरी होते. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, म्हणून सगळे मशिदीच्या विहिरीचं पाणी भरत. भाभीचं बाळ दोन महिन्यांचं, डब्याच्या दुधावर होतं. भाभी तेच पाणी खूप वेळ उकळून बाटली तयार करायची. विहिरीपासून थोड्याच पावलांवर संडासांचे शोषखड्डे होते. सवयीनं मी एक नमुना सोबत नेला. नायट्रेट निघालं. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा. इथं त्याच्या दुपटीहून जास्त.

उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्यानं कमी होते, ओठ निळे पडतात. भाभी काळजीपोटी जे करत होती, तेच घातक होतं. त्याच रात्री फोन करून बाटली थांबवली. बाळ सुखरूप होतं. पण मोहल्ल्यात इतरही बाळं होती.

पुढच्या आठवड्यात भाईजाननं मशिदीच्या चार बुजुर्गांना घरी बोलावलं. मी आकडे सांगितले. एक चाचा भडकले, ‘मस्जिद का पानी नापाक बोलती?’ माझ्या तोंडाला कोरड पडली. शिकून आलेली मुलगी मशिदीला बोल लावते, एवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

पेशइमामसाहेबांनी शांतपणे विचारलं, ‘बेटी, रंग बदला? बू? जायका?’

‘नाही मौलाना. नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसतं.’

‘फिर तो पानी पाक है.’

‘पाक आहे. वुजू खुशाल करा. पण पिऊ नका, आणि बाळांना तर मुळीच देऊ नका.’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग भाईजानला म्हणाले, ‘बच्चा कैसा है?’

जुम्याला त्यांनी स्वतः जाहीर केलं. विहिरीवर पाटी लागली, ‘वुजूसाठी. पिण्यासाठी नाही.’ शोषखड्डे हलायला मात्र काही वर्षं गेली. खडकाच्या भेगांतून झिरपलेलं ते पाणी निवळायला त्याहून जास्त.

त्या दिवशी मला माझी चूक कळली. मी आकड्यांत बोलत होते आणि लोकांचा प्रश्न वेगळाच होता. तो आधी ऐकून घ्यायला हवा होता. त्यानंतर कुठल्याही गावात गेले, तरी नमुना घेण्याआधी मी विचारू लागले, या पाण्याला तुम्ही काय मानता?

ते बाळ आता स्वतः बाप झालं आहे. मुलीची पहिली बाटली भरण्याआधी त्याचा फोन आला, ‘फुप्पी, हमारे बोअर का पानी चलेगा क्या?’

मी म्हटलं, ‘आधी नमुना पाठव.’