फलाट क्रमांक दोन

लंडनला गेलेल्या मराठी माणसाने काय पाहावे, हे ठरलेले असते: राजवाडा, मेणाचे पुतळे आणि टेम्स नदीवरचा पूल. माझ्या यादीत डार्टफर्ड नव्हते. ते घातले माझ्या भाच्याने. "मामा, आज तुम्हांला आमच्या पंढरपूरला नेतो," तो म्हणाला, आणि लंडन ब्रिज स्टेशनवर त्याने मला आगगाडीत बसवले.

केंट परगण्यातले हे गाव लंडनपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. वाटेत सिडकप लागले. पुढे डार्टफर्डला उतरून आम्ही दोन नंबरच्या फलाटावर आलो. इतर चार फलाटांसारखाच फलाट! पण तिथे २०१५ साली एक निळा फलक लावण्यात आला आणि त्यावर मिक जॅगर व कीथ रिचर्ड्स ही दोन नावे आली.

१७ ऑक्टोबर १९६१ च्या सकाळी ही दोन पोरे इथे भेटली. प्राथमिक शाळेतली जुनी ओळख, पण मध्ये ताटातूट झालेली. रिचर्ड्स निघाला होता सिडकपच्या कलाशाळेत. जॅगर निघाला होता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, आपले डॉ. आंबेडकर शिकले तीच संस्था. जॅगरच्या बगलेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या, थेट शिकागोहून टपालाने मागवलेल्या. रिचर्ड्सची नजर माणसाआधी तबकड्यांवर गेली असावी! पुढच्या वर्षी, १२ जुलै १९६२ ला, लंडनच्या मार्की क्लबमध्ये 'रोलिंग स्टोन्स' प्रथम रंगमंचावर आले. त्यांचे नावही मडी वॉटर्सच्या १९५० च्या एका गाण्यावरून घेतलेले.

हा मडी वॉटर्स मिसिसिपीतला कृष्णवर्णीय मजूर. कापसाच्या मळ्यावर राबणारा हा माणूस १९४३ मध्ये शिकागोला गेला आणि शहराच्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून विजेची गिटार वाजवू लागला. मळ्यावरचे दुःख असे विजेच्या तारेवर चढले आणि समुद्र ओलांडून या फलाटावर उतरले.

"मग फलक लागला, सगळे खूश झाले असतील," मी म्हणालो.

भाचा हसला. "छे! भांडण झाले." फलकाचा मजकूर असा होता, की संघ या दोघांनीच काढला. त्यांचा जुना साथीदार बिल वायमन संतापला. संघ जमवला ब्रायन जोन्सने, नावही त्यानेच दिले, असे त्याचे म्हणणे. ते खरेच होते. जोन्स १९६९ च्या जुलैत, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. मेलेल्या माणसाची बाजू मांडायला कोणीतरी हवेच की!

आपल्याकडे गवई गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. या गोऱ्या पोरांना ती रीत कोण शिकवणार? तरी १९६५ मध्ये अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर गाताना त्यांनी हाउलिन वुल्फ या बुजुर्ग गायकाला सोबत आणण्याचा आग्रह धरला, आणि तो गाऊ लागला तसे त्याच्या पायाशी बसले. त्याआधी, १९६४ मध्ये, त्याच्याच एका गाण्याने त्यांनी ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता. पण याच मंडळींच्या १९६८ च्या तबकडीवर रॉबर्ट विल्किन्स या वृद्ध पाद्रीचे गाणे आधी जॅगर-रिचर्ड्सच्या नावावर छापले गेले. नाव दुरुस्त झाले ते मागाहून. भक्ती खरी, हिशेब मात्र कच्चा!

परतीच्या गाडीत भाच्याने माझ्या कानांत ती दोन यंत्रे घातली आणि मडी वॉटर्सचे १९५० चे ते गाणे लावले. एका माणसाचा आवाज आणि एक गिटार. बाकी काही नाही. शब्द मला निम्मेही कळले नाहीत. पण सुरांतली ती ठसठस, ती दळणाऱ्या बाईच्या ओवीत मी लहानपणी ऐकली होती.

माझा हात नकळत कानाच्या पाळीकडे गेला. भाच्याला वाटले, यंत्र नीट बसलेले नाही. तो ते नीट बसवू लागला. मीही काही बोललो नाही.