तेरा आठवड्यांचं गाव

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चक्क अमेरिकेला जाऊन आले. वर्गात हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाई, डिस्नेलँड पाहिलं?" नाही पाहिलं. स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही नाही. मी महिनाभर राहिले ओहायो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या एका लहानशा गावात. कारण माझी मावसबहीण, आमची ताई, तिथं तेरा आठवड्यांसाठी राहायला आली होती.

तेराच का? ऐका तर.

ताई नर्स आहे, ऑपरेशन थिएटरमधली. मुंबईच्या एका हॉस्पिटलात तिनं बरीच वर्षं हे काम केलं. मग 'एनक्लेक्स' नावाची तिकडची परीक्षा पास होऊन ती अमेरिकेला गेली. भावजी आणि मुलगा ह्यूस्टनला असतात, आणि ताई असते 'ट्रॅव्हल नर्स', म्हणजे फिरती नर्स. कुठल्या तरी हॉस्पिटलात कुणी बाळंतपणाच्या रजेवर जातं, कुणी निवृत्त होतं. आडगावात नवीन माणूस यायला तयार नसतं. पण ऑपरेशनं थोडीच थांबतात? मग एखादी कंपनी मध्ये पडून अशा नर्सला तिकडे पाठवते. करार बहुतेक वेळा तेरा आठवड्यांचा. ते संपले की बॅग भरायची आणि पुढचं गाव!

आता गंमत बघा. तिथं प्रत्येक राज्याचं नर्सिंगचं लायसन्स वेगळं असतं. एका राज्याची नर्स दुसऱ्या राज्यात गेली की पुन्हा अर्ज, पुन्हा फी. म्हणून बऱ्याच राज्यांनी आपसात करार केला, की एका राज्याचं लायसन्स बाकीच्यांनीही मानायचं. ओहायोत ही पद्धत १ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. ताईचं लायसन्स टेक्सासचं, पण ते ओहायोत चालतं ते यामुळे.

ॲटलास जवळ असेल तर ओहायो शोधा बरं. उत्तरेला ईरी सरोवर, दक्षिणेला ओहायो नदी. राज्याचा पुष्कळसा भाग सपाट, मका आणि सोयाबीनचा. पण आम्ही होतो तो कोपरा सगळा डोंगराळ. हजारो वर्षांपूर्वी हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर उत्तरेकडून सरकत आले आणि त्यांनी जमीन घासून सपाट केली. ते या कोपऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत, म्हणून इथल्या टेकड्या टिकल्या. टेकड्यांवर दाट झाडी, मधून वळणावळणाचा रस्ता, आणि रात्री रस्त्यात हरणं! मे संपताना पावणेनऊपर्यंत उजेड असायचा. जूनमध्ये अंगणात काजवे आले, अगदी आपल्याकडच्यासारखे. फक्त एस. टी. नाही. गाडी नसली की माणूस घरात अडकलं. ताई कामाला गेली की मी अडकलेच.

ती पाचला उठायची. डब्यात पोळीभाजी घेऊन साडेसहाला हॉस्पिटलात हजर. नव्या ठिकाणी तिला पहिले एकदोन दिवसच सगळं दाखवतात, पुढं आपलं आपण. टाक्यांचे दोरे कुठल्या कपाटात, एक्स-रेला कुणाला फोन करायचा, कुठल्या डॉक्टरांना साडेसात नंबरचे हातमोजे लागतात नि कुणाला आठ, हे सगळं ती खिशातल्या वहीत लिहून ठेवते. अशा चौदा वह्या तिच्याकडे आहेत. एका गावाची एक! तिकडे तिला 'सिस्टर' कुणी म्हणत नाही. सरळ नावानं हाक मारतात, तीही बहुधा चुकीच्या उच्चारानं.

मी विचारलं, "ताई, मला एकदा आत बघता येईल?" ती म्हणाली, "अजिबात नाही. पेशंटची गोष्ट पेशंटची. त्याचं नावसुद्धा मी घरी काढत नाही." मग तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावरच ऑपरेशन मांडलं. उशी झाली पेशंट. मी डॉक्टरांना हत्यारं देणारी, हात निर्जंतुक केलेली नर्स. ताई फिरती नर्स. तिनं निर्जंतुक काही शिवायचं नाही, पण खोलीतलं बाकी सगळं सांभाळायचं. थिएटर थंडगार असतं, म्हणून पेशंटला आधी गरम केलेलं पांघरूण द्यायचं. भूल देताना त्याच्याजवळ उभं राहायचं. "पुष्कळ जण त्या वेळी हात घट्ट धरतात," ताई म्हणाली. "मोठी धिप्पाड माणसंसुद्धा."

आणि मग मोजणी. पोटाच्या ऑपरेशनात रक्त टिपायला कापसाच्या सुताचे जाड चौकोनी तुकडे वापरतात, त्यांना मॉप म्हणतात. पाच-पाचची गड्डी असते. प्रत्येकात एक्स-रेमध्ये दिसणारी पट्टी शिवलेली असते. का? कारण रक्तानं भिजलेला मॉप पोटात दिसेनासा होतो. तो आत राहिला तर पेशंट आजारी पडतो, पुन्हा पोट उघडावं लागतं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून ऑपरेशनाआधी मोजायचं, पोट शिवण्याआधी मोजायचं, शेवटी मोजायचं, मधे नर्स बदलली तरी मोजायचं. मॉप, सुया, हत्यारं, सगळं. दोघींनी, दोघींना दिसेल असं, आणि मोठ्यानं!

आम्ही हातरुमालांवर खेळलो. एक, दोन, तीन, चार, पाच. मी मनातल्या मनात मोजायला लागले की ताई टेबलावर चापट मारायची. "तोंडानं! तुझं मन मला ऐकू येत नाही."

त्या गावातल्या तिच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. पंधरा मॉप दिले होते. पोट शिवायची वेळ आली, मोजले तर चौदा. डॉक्टर त्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं काम केलेले. म्हणाले, "मी पाहिलंय, आत काही नाही." आणि टाक्यासाठी हात पुढे केला.

आता विचार करा. ताई तिथं दहा दिवसांची. कचऱ्याच्या बादल्या किती नि कुठे, हेही धड माहीत नाही. फिरत्या नर्सचा करार हॉस्पिटल मध्येच मोडू शकतं. घशाला कोरड पडली होती म्हणे. तरी म्हणाली, "डॉक्टर, पंधरा दिले, चौदा आहेत. एक कमी आहे."

"पुन्हा मोजा."

पुन्हा चौदा. मग मात्र डॉक्टर थांबले. आत पुन्हा चाचपून पाहिलं. ताईनं बादल्या जमिनीवर चादर पसरून ओतल्या, एक्स-रेवाल्यांना फोन लावला. आणि मशीन यायच्या आतच मॉप सापडला! मळक्या कपड्यांच्या पिशवीत, गुंडाळलेल्या टॉवेलच्या घडीत. सात मिनिटं गेली होती. "मला तो तास वाटला," ताई म्हणाली.

"डॉक्टर रागावले?"

"नाही गं. शिवून झाल्यावर विचारलं, 'तुमचं नाव काय म्हणालात?' दुसऱ्या दिवशी नावानं गुड मॉर्निंग म्हणाले. अर्धं चुकीचं, पण म्हणाले."

मी गप्प झाले. कारण मला आमची सहल आठवली. हे मी लिहू की नको असं करत होते, पण लिहितेच. सहलीला माझ्याकडे चव्वेचाळीस मुलं होती. परतताना गाडीत मोजली, त्रेचाळीस भरली. मुलं जागा बदलत होती, गाणी म्हणत होती. एक वडीलधारे सर म्हणाले, "बसली हो सगळी, उशीर होतोय." मला वाटलं, माझंच चुकलं असेल. गाडी सुटली. तीन किलोमीटरवर एक मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या शेजारी कुणी नाही." आम्ही परत आलो तेव्हा ती चिमुरडी नळाजवळच्या पायरीवर बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. रडत नव्हती. ती रडत नव्हती, हेच मला अजून आठवतं.

ताईनं ऐकून घेतलं. चूक नव्हती असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "उद्या अथेन्सला जाऊ."

हे अथेन्स ग्रीसमधलं नव्हे हं! ओहायोतलं, विद्यापीठाचं विटकरी गाव, आमच्या गावापासून अर्ध्या तासावर. ताई त्या रविवारी 'कॉल'वर होती. म्हणजे फोन आला की तीस मिनिटांत हॉस्पिटलात पोचायचं. त्यामुळे अथेन्स म्हणजे आमच्या जगाची हद्दच. तिथं काही वर्षांमागे एक डॉक्टर राहत, आत्माराम गावंडे. मूळचे माझ्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. त्यांचा मुलगा अतुल याच अथेन्समध्ये लहानाचा मोठा झाला आणि बोस्टनला सर्जन झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनच्या सुरक्षिततेसाठी एक यादी काढली, ते काम डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली झालं. यादीत फक्त एकोणीस गोष्टी. पेशंट कोण, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, मॉप आणि सुयांची मोजणी जुळली का, अशा. जगातल्या आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, दिल्लीतही. यादीआधी शंभरातले सरासरी दीड पेशंट दगावत, नंतर तो आकडा ०.८ वर आला. हे २००९ मध्ये छापून आलं.

"आणि त्यातली एक गोष्ट माझ्यासारखीच्या कामाची," ताई गाडी चालवता चालवता म्हणाली. "चाकू लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेलं असलं ना, की दुसऱ्यांदा उघडायला सोपं जातं. त्या दिवशी सकाळी मी नाव सांगितलं होतं. नसतं सांगितलं तर ते 'एक कमी आहे' बाहेर पडलं असतं का, कोण जाणे."

आम्ही टपरीवजा दुकानात आइस्क्रीम घेतलं. अर्धं खाऊन होतं तोच तिचा फोन वाजला. मला घरी सोडायला वेळ नव्हता. मग मी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिले, काजवे बघत. तिला यायला साडेअकरा झाले. काय ऑपरेशन होतं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "जुळलं सगळं."

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात तिचे तेरा आठवडेही संपले. पुढचं गाव आयोवा राज्यात होतं, गाडीनं दहा-अकरा तासांवर. पहाटे आम्ही सामान भरलं. दोन बॅगा, कुकर, पोळपाट-लाटणं, उशी, मसाल्याचा डबा आणि वह्यांचं खोकं. ताईनं डिकी उघडी ठेवली आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली.