काटकसरीचा टायर

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून तुम्ही पान उलटणार, हे मला ठाऊक आहे. टायर हा काय बायकांचा विषय झाला? ते पुरुषांनी बघावं. आपण मागे बसावं आणि पदर सांभाळावा! 2022 च्या जूनपर्यंत माझंही हेच मत होतं. पण त्या महिन्यात जे घडलं, ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही कर्जतला राहतो. ह्यांची नोकरी खोपोलीच्या एका कारखान्यात. कर्जत-खोपोली लोकल आहे, पण तिच्या वेळा आणि पाळीच्या वेळा जुळतील तर शपथ! त्यामुळे पळसदरीवरून मोटारसायकलने जाणं-येणं. एक्सप्रेस वे आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातूनच जातो, पण त्यावर दुचाकीला मनाई. म्हणजे महडला, चौकला कुठेही जायचं तर जुना मुंबई-पुणे रस्ता आणि त्यावरचे ट्रक. त्यात सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस. एकदा लागला की चार महिने कपडे वाळत नाहीत.

गाडीला चार वर्षं झाली होती. कंपनीतून आलेला मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता. हे दोन-तीनदा म्हणाले, "अगं, पावसाआधी टायर बदलायला हवा." आणि मी काय म्हणाले असेन? माझी भिशी नुकतीच लागली होती. ते पैसे मी मिक्सरसाठी बाजूला ठेवले होते. धाकटीची कॉलेजची फी तोंडावर आलेली. मी म्हटलं, "अहो, टायर म्हणजे टायर. कंपनीचाच कशाला हवा? स्वस्तातला बघा एखादा."

ह्यांनी ऐकलं. रस्त्यावरच्या एका दुकानातून नवा कोरा दिसणारा टायर घेऊन आले. पाचशे रुपये वाचले, म्हणून मी खूश!

ज्येष्ठातल्या संकष्टीला आम्ही दोघं महडच्या वरदविनायकाला निघालो. नुकती सर येऊन गेली होती. महडच्या फाट्याजवळ वळताना ह्यांनी हलकेच ब्रेक लावला आणि मागचं चाक साबणावरून घसरावं तसं सरकलं. वेग फार नव्हता, म्हणून आज हे लिहिते आहे. मी रस्त्यावर, हे गाडीखाली. मागून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक दाबला. तो आमच्यापासून चार हातांवर थांबला. त्या चाकांकडे मी खालून पाहिलं, ते दृश्य अजूनही झोपेत समोर येतं.

फुलं विकणारी एक बाई धावत आली. तिने पाणी दिलं, माझ्या गुडघ्याला हळद लावली. ह्यांचं मनगट मुरगळलं होतं. घरी आलो. मला वाटलं, आता हे म्हणतील, "तूच सांगितलंस ना स्वस्तातला आण म्हणून!" पण हे एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्या न बोलण्याने मला रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्याबरोबर मीही मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, नख रुतवून बघा." कसलं रुततंय! दगडासारखं रबर. मग त्याने टायरच्या बाजूवर बोट ठेवलं. तिथे लांबट चौकटीत चार आकडे होते: 1417. म्हणजे 2017 सालचा चौदावा आठवडा. आमचा 'नवा' टायर पाच वर्षं कुठेतरी पडून होता! रबर न वापरताही वयाने कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड राहत नाही.

मला माझीच लाज वाटली. पावाच्या पुड्यावरची तारीख मी बघते, औषधाच्या बाटलीवरची बघते. दूध एक दिवस जुनं दिलं तर दूधवाल्याशी भांडते. आणि ज्याच्यावर घरातली दोन माणसं बसतात, त्याची तारीख बघायची माहितीच नव्हती.

मग मी तिथेच स्टुलावर बसून सगळं विचारून घेतलं. टायरवर 2.75-18 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिंगच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. नवा टायर कुठल्याही चांगल्या कंपनीचा चालेल, पण माप गाडीच्या पुस्तकात दिलेलंच हवं. आयएसआयची खूण हवी. आमच्या मुलाला जाड टायर हवा होता, रुबाबदार दिसतो म्हणून. मेकॅनिकने साफ नाही म्हटलं. असा टायर चेन कव्हरला घासू शकतो, गाडी वळायला जड होते आणि अ‍ॅव्हरेजही कमी होतं.

दुसरं, मऊ रबराचा टायर रस्ता चांगला धरतो पण लवकर झिजतो. कडक रबराचा पुष्कळ चालतो पण ओल्यात तेवढा धरत नाही. आमच्याकडच्या पावसात कोणता घ्यावा, हे वेगळं सांगायला नको. बाजूवर बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरेल असा टायर बसवायचा. आमच्या चाकाला तारा आहेत, म्हणून आत ट्यूब लागते. टायरबरोबर तीही नवी घ्यायची. आणि नवा टायर वरून गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी जपून चालवायची.

मी पिशवीतून भिशीचं पाकीट काढलं. पुढचा टायरही झिजत आला होता. टायर, ट्यूब, मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. आकडे वाचूनच टायर घेतले. हे म्हणाले, "अगं, मिक्सर?" मी म्हटलं, "पाटा-वरवंटा आहे की घरात!" तेव्हा कुठे हे हसले.

आपल्या कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागे जादा इंजिनं लावतात, ते मी लहानपणापासून बघते आहे. घाट चढायचा तर रेल्वे इंजिनात काटकसर करत नाही. एवढी गोष्ट रोज डोळ्यांसमोर असून मला कळली नव्हती. काटकसर साखरेत करावी, साडीत करावी. जिथे माणूस घरी परत यायचा आहे, तिथे करू नये.

तेव्हा मैत्रिणींनो, आज एवढं करा. घरच्या गाडीच्या टायरवर ते चार आकडे शोधा. बाजूवर टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसेल. टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला की तो बदलायचा, मग कुणी काही म्हणो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायला सांगा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात ती थोडी जास्त लागते. किती, ते गाडीच्या पुस्तकात असतं.

आमचा मिक्सर पुढे दिवाळीत आला. हे पाळीला निघाले की मी आजही डबा हातात देते आणि वाकून चाकाकडे एकदा बघते. हे म्हणतात, "झाली का तपासणी?" मी म्हणते, "झाली. सावकाश जा."