एक राजा, दोन किनारे आणि कवितेची भाषा

१/ मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला उत्तन हे ख्रिस्ती कोळ्यांचे गाव आहे. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल व स्पेन यांचा मुकुट एकाच मस्तकावर होता. म्हणून पोर्तुगीजांच्या ताब्यातील उत्तन आणि स्पेनच्या ताब्यातील मनिला या दोन्ही किनाऱ्यांचा राजा एकच होता. ‘फिलिपिन्स’ हे नावही त्याच घराण्यातील दुसऱ्या फिलिपवरून पडलेले.

२/ राजा एक. परंतु त्याची भाषा दोन्हीकडील प्रजेची नव्हती. नवा धर्म कोणत्या भाषेत मनात उतरणार, या प्रश्नाचे उत्तर कवींनी दिले.

३/ १६०५ साली मनिलात छापलेल्या एका धर्मग्रंथात फर्नांडो बागोंगबांता याची कविता आली. तागालोग ओळीमागोमाग त्याच आशयाची स्पॅनिश ओळ, अशी तिची रचना होती. जेत्याच्या भाषेशेजारी स्वभाषा बरोबरीने बसली.

४/ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वितने ते मराठी ओव्यांत रचले. ओव्या सुमारे ११,०००. त्यांत मराठीची स्तुतीही आहे. देवनागरी खिळे नसल्याने छपाई मात्र रोमन लिपीत झाली.

५/ १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचे फर्मान काढले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांत आणि भाविकांच्या पठणात. १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला.

६/ फिलिपिन्समध्ये अठराव्या शतकाच्या प्रारंभी गास्पार आकिनो दे बेलेन याने ख्रिस्ताच्या यातनांचे तागालोग काव्य, ‘पास्योन’, रचले. ईस्टरपूर्व उपवासकाळात ‘पास्योन’ गाण्याची प्रथा तेथे आजही आहे. याच गायनपरंपरेतून सामान्य जनतेला स्पेनविरुद्धच्या बंडाची भाषा गवसली, असे प्रतिपादन इतिहासकार रेनाल्डो इलेतो यांनी १९७९ मध्ये केले.

७/ १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि या किनाऱ्यावरील पोर्तुगीज सत्ता संपली. उत्तनची प्रार्थना मात्र राहिली, आणि आज ती मराठीतही होते. घराघरांत कोळ्यांची स्वतःची बोली आहे. राजाच्या फर्मानाने भाषा मरतेच असे नाही. आजीची गाणी नातवंडांना येईनाशी झाली, की मात्र ती निश्चित मरते.