साडेअकरा सेंटिमीटरचा दोरा



मधल्या सुट्टीची घंटा झाली की तुम्ही ताटं घेऊन पळता. रांगेत थोडी ढकलाढकली होते, बाई ओरडतात, मग सगळे मांडी घालून खिचडी खातात. यात विशेष काय? पण येवल्याच्या आमच्या शाळेत सोमवारी खिचडीचं पातेलं लवकर रिकामं होतं. असं का, ते मला आधी कळेना. मग ध्यानात आलं, रविवारी शाळेला सुट्टी, म्हणजे खिचडीलाही सुट्टी. काही मुलांची रविवारची दुपार कोरडीच जाते.

मी तुमच्याएवढी होते तेव्हा शाळेत काही शिजत नसे. १९९५ साली आहाराची योजना सुरू झाली. ज्याची हजेरी ८० टक्के भरेल त्याला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचे. कापडी पिशवीतून ते घरी नेताना आपण कमावते झालो असं वाटायचं! पण घरी गेलेला तांदूळ सगळ्या घराचा होतो. ज्याच्या नावानं आला, त्याच्या ताटात किती पडेल कोण जाणे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळेत शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश दिला. तेव्हापासून हळूहळू खिचडीची पातेली चढू लागली.

पण जे बाळ अजून शाळेतच येत नाही, त्याची भूक कोण बघणार? त्यासाठी कुणीतरी त्याच्या दारात जावं लागतं. असं दारोदार जाणाऱ्या दादा-ताईंची गोष्ट तुम्हाला सांगते.

अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरांत मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा हे तिथले दोन तालुके. वस्ती मुख्यतः कोरकू आदिवासींची. १९९० नंतरच्या दशकात तिथं लहान मुलं दगावत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. त्या वाचून पुष्कळ जण हळहळले. पुण्याच्या 'मैत्री' या संस्थेचे कार्यकर्ते मात्र १९९७ साली थेट तिथं गेले. तेव्हापासून पावसाळ्यात त्यांच्या तुकड्या पाळीपाळीनं मेळघाटात जात आल्या आहेत. कुणी कॉलेजात शिकणारा, कुणी नोकरीतून रजा काढून आलेली. एकेकानं दहा-दहा दिवस द्यायचे.

पावसाळ्यातच का? सांगा बघू! कारण तेव्हा घरातलं जुनं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं पीक अजून शेतात उभं असतं. मजुरी कमी मिळते. ओढ्यांना पूर आला की वाट बंद. त्यातच जुलाब आणि न्यूमोनिया. पोटात अन्न नसलेल्या बाळाला साधं दुखणंही झेपत नाही. शिवाय आजारी बाळ जेवत नाही, म्हणून आणखी वाळतं.

माझा एक जुना विद्यार्थी, विणकराचा मुलगा, अशाच कामासाठी तिकडे जाऊन आला. परत आल्यावर घरी भेटायला आला. मी विचारलं, "काय केलंस रे तिथं?" तो म्हणाला, "बाई, मला वाटलं होतं, धान्याच्या गोण्या वाटायच्या. पण आम्ही दारोदार फिरलो. ताप आहे का, जुलाब होतात का, विचारलं. बाळांचे दंड मोजले."

दंड मोजण्याची एक कागदी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला ती गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल रंग. म्हणजे मूल अतिशय कुपोषित आहे, लगेच दवाखान्यात न्यायला हवं. साडेबारापर्यंत पिवळा, त्याच्या पुढे हिरवा.

आमच्याकडे मागाजवळ रेशमाचे तुकडे पडलेले असतात. दुसऱ्या दिवशी ते गोळा करून मी वर्गात नेले. प्रत्येकानं पट्टीनं मोजून साडेअकरा सेंटिमीटरचा दोरा कापला आणि टोकं जुळवून कडं केलं. तुम्हीही करून बघा. वर्गात गडबड चालली होती, ती एकदम थांबली. एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तर माझ्या मनगटाला पण होत नाही!"

पट्टीनं दुबळं मूल सापडतं. ते दुबळं का झालं, हे मात्र पट्टी सांगत नाही. डॉ. रवींद्र कोल्हे तरुणपणी मेळघाटातल्या बैरागड गावी डॉक्टर म्हणून गेले. औषधानं मूल बरं होई, पण घरात दाणा नसेल तर पुन्हा आजारी पडे. दुखण्याचं मूळ गरिबीत आहे हे ओळखून त्यांनी स्वतः शेती केली आणि लोकांना चांगलं पीक काढून दाखवलं. २०१९ साली त्यांना आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे यांना 'पद्मश्री' मिळाली.

मेळघाट लांब आहे, खरं. पण भुकेचा मोसम आपल्याकडेही असतो. येवला तालुक्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात, शेतातली कामं थांबतात, आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी असते.

तुम्ही काय कराल? डबा न आणणाऱ्याला "तू का नाही आणलास?" असं चारचौघांत विचारू नका. त्याला शेजारी बसवा आणि डबा मध्ये ठेवा. आळीत एखादं बाळ फार वाळलेलं दिसलं तर अंगणवाडीच्या ताईंना सांगा. आणि पालकहो, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे मित्र घरी खेळायला आले, तर जेवणाच्या वेळी त्यांना घरी धाडू नका. चार भाकरी जास्त थापा. कोण पोटभर जेवतो, ते न बोलता बघा.