जाम घाटाची उतरण आणि मोटारीची नाडी

इंदूरहून महेश्वरास जाण्यास दोन वाटा आहेत. एक आग्रा-मुंबई महामार्गाची. ती मानपूरवरून विंध्य उतरते व धामनोदला डावीकडे वळून महेश्वर गाठते. ही वाट रुंद आहे, पण अवजड मालमोटारींची आहे. दुसरी महूवरून जाम घाटाने मंडलेश्वरला उतरते. ती अरुंद व वळणावळणाची असली, तरी माळव्याचे पठार संपून निमाड कसे सुरू होते हे जिला पाहावयाचे आहे त्या मंडळींनी हीच धरावी. गेल्या आश्विनात आम्ही ती धरली. सोबत ऐंशी ओलांडलेल्या मावशी होत्या, आणि खाली आमची पंधरा वर्षांची जुनी लहान मोटार.

मोटारीचे नाव प्रवासवर्णनात एवढ्या अगत्याने घेण्यास कारण आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी तिच्या समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटला आणि विझेना. सकाळी इंजिन चार-पाच प्रयत्नांनंतर सुरू होई, मागून काळसर धूर निघे, पेट्रोलचा खप वाढला होता आणि थंड इंजिनावरही पंखा सारखा फिरत राही. एका गॅरेजात सांगण्यात आले, की गाडी जुनी आहे, चारही सेन्सर बदलावेत आणि तोवर घाटात नेऊ नये. खर्चाचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने जड होता. मावशींची नर्मदादर्शनाची इच्छा दोन वर्षे लांबणीवर पडलेली होती. या वयात आणखी एक वर्ष पुढे ढकलणे म्हणजे काय, हे घरात सर्वांना कळत होते. म्हणून आधी घरच्या अंगणात गाडीची नाडी पाहण्याचे ठरले.

अशा मोटारींत सुकाणूच्या खाली सोळा टाचण्यांची एक खोबण असते. तीत बसणारे काडेपेटीएवढे यंत्र बाजारात सहज मिळते. ते इंजिनाच्या संगणकाचे म्हणणे मोबाइलच्या पडद्यावर दाखविते. आमच्या पडद्यावर संकेतांक आला : पी ०११८. त्याचा अर्थ, इंजिनातील शीतक पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या मार्गावर विजेचा दाब वाजवीपेक्षा अधिक आहे. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. संकेतांक दोषी वस्तूचे नाव सांगत नाही, कोणत्या वाटेवर दोष आहे तेवढेच सांगतो. त्या वाटेवर सेन्सर असतो, तसे तारा असतात, जोडणीचा खटकाही असतो. संकेतांक वाचून थेट सेन्सर विकत आणणे म्हणजे ताप आहे एवढे ऐकून औषध आणणे होय. संकेतांक पुसण्यापूर्वी तो वहीत लिहून घ्यावा, हेही अगत्याचे. पुसल्याबरोबर त्या क्षणीच्या इतर नोंदीही जातात.

पहिली परीक्षा बिनखर्चाची आहे. रात्रभर उभी असलेल्या गाडीत पहाटे किल्ली फिरवावी, इंजिन मात्र सुरू करू नये. त्या वेळी शीतक पाणी आणि आत येणारी हवा, दोहोंचे तापमान जवळजवळ सारखे असले पाहिजे, कारण सारी गाडी एकाच रात्रीत निवालेली असते. आमच्या पडद्यावर हवेचे तापमान २२ अंश होते आणि पाण्याचे उणे ४० ! मावशी ओट्यावर माळ घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, उणे चाळीस म्हणजे बद्रीनाथाच्याही पलीकडे की काय ?" त्यांचे म्हणणे रास्त होते. इंदुरात एवढा गारठा आहे असे समजून तो बिचारा संगणक इंजिनाला पेट्रोल पाजीत होता. काळा धूर त्याचाच. आणि आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही असे वाटल्याने, इंजिन तापू नये म्हणून सावधगिरीने पंखाही चालू ठेवीत होता.

उणे ४० हा आकडा बहुधा वाट तुटल्याची खूण असतो. हा सेन्सर म्हणजे उष्णतेनुसार विरोध बदलणारा एक मणी. थंडीत त्याचा विरोध वाढतो, उष्णतेत घटतो. तार तुटली की विरोध अनंत होतो आणि संगणक त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतो. तार तुटली की मणी, हे ठरविण्याची युक्ती अशी. थंड इंजिनावर सेन्सरचा खटका काढावा आणि खटक्यातील दोन टोके पातळ तारेने क्षणभर जोडावीत. पडद्यावरील तापमान एकदम सर्वोच्च टोकाला उडी मारते काय ते पाहावे. मारली तर तारा व संगणक निर्दोष, दोष मण्याचा. न मारली तर दोष वाटेत. ही युक्ती दोनच तारांच्या तापमान-सेन्सरपुरती आहे. तीन तारांच्या सेन्सरवर ती कदापि करू नये, संगणकास इजा पोहोचू शकते.

आमच्या पडद्यावरील आकड्याने उडी मारली. मग सेन्सर काढून मल्टीमीटर लावला, तर विरोध मापाच्या पलीकडे. नवा आणला तो बसविण्यापूर्वी स्वयंपाकघरात तपासला. पातेल्यातील साध्या पाण्यात त्याने सुमारे २,२०० ओहम दाखविले, आणि पाणी ८० अंशांवर आल्यावर ३०० च्या आसपास. हे प्रमाण अशा सेन्सरचे नेहमीचे आहे. बसविताना सांडलेले शीतक पुन्हा भरले. गरम इंजिनाचे झाकण उघडणे हे भाजण्याचे हमखास निमित्त आहे, म्हणून ही सारी कामे सकाळी, निवलेल्या गाडीवरच. दुसऱ्या दिवशी इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झाले. दिवा विझला.

राहिला प्रश्न उरलेल्या तिहींचा. त्यांपैकी हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर गॅरेजवाल्यांचा विशेष रोख होता. त्याची परीक्षा घेण्यास घाटासारखी प्रयोगशाळा नाही, असे आमच्या मनात आले. इंजिन बंद असता हा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवितो. समुद्रसपाटीस हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, आणि दर शंभर मीटर चढणीस एका किलोपास्कलाहून किंचित अधिक घटतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच. निघताना पडद्यावर ९५ हा आकडा होता. हिशेब जुळला.

महू ओलांडले. २००३ साली या गावाचे डॉ. आंबेडकर नगर असे नामकरण झाले, तरी जुने नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी येथील छावणीत झाला. स्मारकापाशी थोडे थांबून आम्ही दक्षिणेस वळलो. सोयाबीन निघालेली काळी शेते, मधूनच सागाची झाडी, आणि मग अचानक रस्त्यावर उभा असलेला जाम दरवाजा. अहिल्याबाईंच्या काळातील ही दुमजली दगडी वेस विंध्याच्या अगदी कडेवर आहे. माळव्यातून निमाडात उतरणारा वाटसरू तिच्याखालून जाई. वरच्या सज्जातून पाहिले म्हणजे पायाखाली जमीनच संपते. पावसाने धुतलेल्या हिरव्या दऱ्या, त्यांतून उतरणारा रस्ता, आणि दूर धुक्यात निमाडचे मैदान. तेथे गाडी थांबवून किल्ली फिरविली. पडद्यावर ९३.

घाट उतरताना पडद्याकडे पाहण्याचे काम मागच्या आसनावर सोपविलेले होते, चालविणाऱ्याने रस्ताच पाहावा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय पेट्रोलवरून काढलेला. त्या वेळी इंजिनाच्या आतला दाब वीस-पंचविसापर्यंत खाली आला. पेट्रोलवरून पाय काढलेला आहे हे आणि इंजिनाची गती पाहून संगणक उतारावर पेट्रोल तोडतो व गाडीच इंजिनास फिरविते. पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर गिअर काढून ठेवण्याची अनेकांची खोड असते. तीत पेट्रोल वाचत नाही, उलट थांबलेले इंजिन चालू ठेवण्याइतके खर्च होते, आणि सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात. आपल्या घाटांतील कित्येक अपघातांचे मूळ तेथे आहे.

खाली निमाडची उष्ण हवा लागली. कापसाची शेते आली, घरांचे रूप बदलले, बोलीही बदलली. मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी विंध्यावर चढवून इंदुरास नेले जाते. आपण घाट उतरून ज्या नदीच्या दर्शनास आलो, तीच आपल्या नळास येते, हे मावशींस सांगितले तेव्हा त्यांनी गाडीतूनच हात जोडले.

महेश्वरास पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ असा अठ्ठावीस वर्षे राज्यकारभार पाहिला तो येथून. वाड्यातील त्यांची गादी पाहताना प्रथम जाणवते ते तिचे साधेपण. एवढ्याशा ओसरीवर बसून त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे, घाट, धर्मशाळा उभारविल्या. माळव्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी घरांस त्यांचे नाव घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे आहे. किल्ल्याखालचा घाट उतरण्यास पायऱ्या पुष्कळ. आम्ही दोघांनी मावशींस धरून एकेक पायरी उतरविली. पाण्यात पाय सोडून त्या बराच वेळ बसल्या, काही बोलल्या नाहीत. समोर पात्राच्या मध्ये बाणेश्वराचे लहानसे देऊळ, आणि पलीकडचा काठ सोनेरी.

रात्री मुक्कामाच्या अंगणात पुन्हा किल्ली फिरविली. ९९. इंदूर ९५, जाम दरवाजा ९३, नर्मदाकाठ ९९. ज्या सेन्सरने डोंगराची चढ-उतार इतकी नेमकी सांगितली, तो बदलण्याचे कारण उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी विणकरांकडे एक चटाई काठाची साडी घेतली आणि परतीची चढण चढलो. चढणीवर पूर्ण जोर लावता इंजिनातला दाब बाहेरच्या दाबाच्या अगदी जवळ गेला, जसा जावयास हवा. गाडी कोठेही अडखळली नाही. उरलेले तीन सेन्सर अद्याप मूळचेच आहेत.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांस चार गोष्टी. घाट दिवसाच उतरावा. पावसाळ्यात दरडींची चौकशी करून निघावे. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश तपासणीस वेळ असतो, पण तो उघडझाप करीत असेल तर इंजिनाचे ठोके चुकत आहेत असे समजून गाडी थांबवावी. ब्रेक व सुरक्षापिशव्यांचे दिवे मात्र जाणत्या माणसाकडेच न्यावेत, तेथे घरचे प्रयोग नकोत. आणि घरात कोणी वडीलधारे नर्मदेस जाण्याचे बोलून दाखवीत असेल, तर गाडी जुनी आहे एवढ्यावरून बेत पुढे ढकलू नये. एक सकाळ काढून आधी गाडी तपासावी.