हिरवं, पांढरं आणि खाली काळा दगड

आमच्या भागात विहीर खणताना, रस्त्यासाठी टेकडी फोडताना काळ्या बेसॉल्टमध्ये पोकळ्या निघतात. लाव्हारसातले वायूचे बुडबुडे ते. पुढे त्यांत पाणी झिरपत राहिलं. पोकळीच्या भिंतीला हिरव्या सेलॅडोनाइटचा पातळ लेप, आणि आत पांढऱ्या झिओलाइटचे स्फटिक. हिरवं थोडं, पांढरं भरपूर, भोवती काळं. कपड्याचा असो की खोलीचा, रंग ठरवताना मी हेच प्रमाण डोळ्यांपुढे ठेवते.

*

अजिंठ्याच्या चित्रकारांचा हिरवा अशाच हिरव्या मातीचा. पांढऱ्यासाठी चुना, केओलिन, जिप्सम. निळ्यासाठी मात्र लाजवर्द हवा, आणि तो पार बदख्शानचा. दोन क्रमांकाच्या लेण्यात मान दुखेपर्यंत छत बघावं: वेली, फुलं, हंस. पंधराशे वर्षांत रंग विटले, पण एकमेकांना सोडून गेले नाहीत.

*

बीबी का मकबरा. सगळा संगमरवरी वाटतो. संगमरवर आहे तो मुख्यतः खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. मधलं अंग आपल्याच काळ्या दगडाचं, वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. दरवाजावर वास्तुकार अताउल्लाचं नाव आहे. ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. पावसाळा सरताना या. चारबाग हिरवी, मागचे डोंगर हिरवे, आणि मधे हा दुधी पांढरा. शुभ्र असता तर त्या हिरव्यात डोळ्याला टोचला असता.

*

दुकानात "पांढरा" मागू नये. मोतिया, दुधी, कोरा असं मागावं. हिरव्यातही पोपटी, मेंदी, शेवाळी, पिस्ता. शेवाळीशेजारी मोतिया शांत बसतो. पोपटीला कोरा सुती पांढरा चालतो.

*

हिरवा ताणा आणि पांढरा बाणा साध्या विणीत घातला की दोन्ही रंग हरवतात, फिका पिस्ता उरतो. पैठणीच्या कडियल काठाचं महत्त्व इथे कळतं. काठाचा ताणा-बाणा एकाच रंगाचा, अंगाचा वेगळा. जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवलेले. म्हणून हिरवा काठ हिरवाच राहतो. त्या काठात मुनिया, म्हणजे पोपट: पानासारखा हिरवा, चोचीला लाल ठिपका. तेवढ्या लालाने अख्खं वस्त्र जागं होतं.

*

हिरवा चुडा सवाष्णीचा. पांढरं पातळ म्हटलं की जुन्या बायकांच्या मनात अजून विधवेचं नेसणं येतं. दोन रंगांवर आपण बाईचं अख्खं आयुष्य वाटून टाकलं होतं. माझ्या आजीने उरलेली सगळी वर्षं पांढऱ्यात काढली; हिरव्या बांगडीला तिने पुन्हा हात लावला नाही. रंगसंगतीच्या गप्पा निघाल्या की मला तिची मोकळी मनगटं दिसतात.

*

जानेवारीत शाळूच्या शेतात जावं. हुरड्याचं कणीस हिरवं, कोवळं, दुधाळ. तेच पिकलं की मोत्यासारखं पांढरं. दाणा एकच.

*

भाचीच्या लग्नासाठी पैठणी सांगितली. अंग मोतिया, काठ हिरवा, काठात मुनिया. घरातल्या दोघींनी "नवरीला पांढरं?" म्हणून विचारलं. भाची म्हणाली, "पणजीच्या नावाने नेसते." हातात हिरवा चुडा भरणारच आहे.